कामगार कोण, हे ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे : कामगार वर्ग यंत्रांमुळे, कारखान्यांमुळे आणि बाजारामुळे तयार झाला असं आपण वाचत आलो. सरकार नंतर येतं, कायदे करतं, कधी लाठी चालवतं, कधी सवलती देतं. मग वर्ग घडण्यात राज्यसंस्थेचा वाटा कोणता? आणि हा वाटा खरोखरच मोठा असेल, तर कामगार चळवळ ही सरकारच्याच साच्यातून निघालेली वस्तू ठरत नाही का?

कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत मी हा विषय पुष्कळ वर्षं शिकवतो आहे. प्रश्नातला पहिला भाग जवळजवळ प्रत्येक वर्गात निघतो. दुसरा क्वचितच निघतो, पण माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. दोन्हींची उत्तरं एकात एक गुंतलेली असल्यामुळे सलगच लिहितो.

आधी 'नंतर येतं' या शब्दांबद्दल. इंग्लंडमध्ये १३४८-४९ साली प्लेगनं माणसं इतकी मेली की उरलेल्या मजुरांना भाव आला. त्यावर १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा निघाला : मजुरी प्लेगपूर्वीच्याच दरानं घ्यायची, आणि धडधाकट माणसानं मिळेल ते काम नाकारायचं नाही. वाफेचं इंजिन यायला अजून साडेतीनशे वर्षं होती. मजुरीवर जगणारा माणूस किती मागू शकतो आणि कुठे जाऊ शकतो, हा सरकारी प्रश्न झाला तो असा, कारखान्याच्या कितीतरी आधी.

पुढे सामाईक जमिनींना कुंपणं पडली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन गेली. ज्याची एखादी गाय त्या रानावर चरत होती, जळण तिथून येत होतं, त्याच्याकडे आता विकायला स्वतःच्या श्रमाशिवाय काही उरलं नाही. हे बाजारानं केलं असं म्हणणं अर्धवट आहे. या प्रत्येक कुंपणामागे संसदेचा ठराव, मोजणीदार आणि नकाशा होता. १८३४ च्या गरीब कायद्यानं उरलेली वाट बंद केली. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत द्यायची नाही, हे त्याचं तत्त्व. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या सरकारी घरात जायचं, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा वाईट ठेवायचं. नवराबायको वेगळे, मुलं वेगळी. वर्कहाउसची भीती होती म्हणून गिरणीचं फाटक बरं वाटलं. बाजार ज्याला 'मोकळा मजूर' म्हणतो, तो मोकळा करण्यासाठी इतका सगळा खटाटोप करावा लागला होता.

वसाहतींत हेच काम करानं केलं. आफ्रिकेत अनेक ठिकाणी झोपडीवर कर बसला आणि तो रोख भरायचा होता. रोकड मिळणार गोऱ्यांच्या मळ्यावर किंवा खाणीत. केनियात पहिल्या महायुद्धानंतर प्रौढ आफ्रिकी पुरुषाला 'किपांडे' नावाचं नोंदपत्र बाळगणं सक्तीचं झालं. ते धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवत. कोणाकडे काम केलं, किती मजुरी होती, मालकानं सोडलं की नाही, सगळं त्यात. फ्रान्समध्येही १८०३ पासून कामगाराला सरकारी पुस्तिका बाळगावी लागे आणि आधीच्या मालकाची सही नसेल तर पुढचं काम अवघड होई. ती कायमची रद्द व्हायला १८९० साल उजाडलं.

आता ज्या गोष्टीवर मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवतो तिच्याकडे येतो : कामाचा करार मोडला तर काय होतं?

आज हा दिवाणी मामला वाटतो. इंग्लंडमध्ये १८७५ पर्यंत तो नव्हता, निदान दोन्ही बाजूंसाठी नव्हता. 'मालक आणि नोकर' कायद्याखाली मालकानं मजुरी बुडवली तर त्याच्यावर पैशाचा दावा व्हायचा. मजुरानं मुदतीआधी काम सोडलं तर मात्र तो गुन्हा. १८२३ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. निवाडा करणारे दंडाधिकारी बहुतेकदा त्याच भागातले जमीनदार किंवा कारखानदार. या कलमाखाली दरवर्षी हजारो खटले व्हायचे, आणि ते औद्योगिक क्रांती ऐन भरात असताना. ज्या देशाला मुक्त बाजाराचं माहेरघर म्हणतात, तिथे काम सोडणारा कामगार तुरुंगात जात होता.

हिंदुस्थानात याच विचाराचा १८५९ चा कायदा आला. आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला दंडाधिकारी काम पुरं करण्याचा हुकूम देऊ शकत होता, आणि हुकूम मोडला की तुरुंग. आसामच्या चहामळ्यांत याच्याही पुढची पायरी होती. १८६५ च्या कायद्यानं मळेवाल्याला पळालेल्या मजुराला स्वतःच पकडण्याचा अधिकार दिला, आणि तो १९०८ पर्यंत टिकला. १८५९ चा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. उचल घेऊन बांधला गेलेला मजूर ही जुन्या समाजाची शिल्लक आहे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. त्या बंधनाला आधुनिक कायद्याची, आधुनिक कोर्टाची आणि आधुनिक तुरुंगाची धार कशी लागली, ते मात्र सांगायचं राहून जातं.

याचा वर्ग घडण्याशी संबंध असा. शिक्षा सगळ्यांना एकाच कलमाखाली होत होती. खाणकामगार, कुंभार, लोहार, शेतमजूर हे एरवी एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांचे धंदे वेगळे, बोली वेगळी, मजुरी वेगळी. पण दंडाधिकाऱ्यासमोर ते सगळे 'नोकर' होते. १८६० च्या दशकात ग्लासगोच्या कामगार मंडळानं या कायद्याविरुद्ध मोहीम उभारली, तेव्हा वेगवेगळ्या धंद्यांच्या संघटनांना एकत्र यायला कायद्यानंच कारण पुरवलं होतं. १८६७ मध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या हिश्शाला मत मिळालं आणि १८७५ मध्ये कायदा गेला. नव्या कायद्याच्या नावात 'मालक आणि नोकर' हे शब्द नव्हते. 'काम देणारे आणि कामगार' असे शब्द आले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. सरकारी कागदावर त्या माणसाला दुसरं नाव मिळालं, ते त्यानं मिळवलं, आणि तेव्हापासून तो कोर्टात दुसऱ्या नात्यानं उभा राहू लागला.

नाव देणं हा राज्यसंस्थेचा सर्वांत शांत आणि सर्वांत टिकाऊ अधिकार आहे, असं माझं मत बनलं आहे. यासाठी जर्मनीचं उदाहरण घ्यावंच लागेल.

आपल्याकडे मजुरी आणि पगार हे दोन शब्द आहेत, आणि बोलणारा कोणता वापरतो त्यावरून समोरच्याची पायरी कळते. जर्मनीत असेच दोन शब्द : 'आर्बायटर' म्हणजे हातानं काम करणारा मजुरीवाला, आणि 'आंगेश्टेल्टे' म्हणजे कारकून, विक्रेता, मुकादम, तंत्रज्ञ असा पगारदार. चान्सलर बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी विमा आला : आजारपणाचा १८८३ मध्ये, अपघाताचा १८८४ मध्ये, वृद्धत्व आणि अपंगत्वाचा १८८९ मध्ये. पगारदारांच्या संघटनांनी मग मागणी लावून धरली की आम्हाला त्या रांगेत उभं करू नका, आमचा विमा वेगळा हवा. १९११ मध्ये तो मिळाला. वेगळा कायदा, वेगळी विमा संस्था. पगारदाराला ६५ व्या वर्षी निवृत्तिवेतन, कामगाराला तेव्हा ७० व्या. पगारदाराच्या विधवेला पेन्शन विनाअट. कामगाराच्या विधवेला ती स्वतः काम करण्याच्या स्थितीत नसेल तरच.

एकाच कारखान्यात काम करणारी दोन माणसं, कदाचित सारखीच कमाई असलेली. एकाची बायको आणि दुसऱ्याची बायको यांचं म्हातारपण कायद्यानं वेगळं केलं. त्यानंतर कोण पगारदार आणि कोण कामगार, हे ठरवण्यासाठी धंद्यांच्या याद्या कराव्या लागल्या. म्हणजे रेषा आधी आखली गेली, आणि माणसं तिच्या या बाजूला की त्या बाजूला हे मागाहून ठरलं. पगारदारांच्या संघटना वेगळ्या वाढल्या, आणि त्यांतल्या काही समाजवादी कामगार चळवळीच्या उघड विरोधात होत्या. पुढे या दुफळीची जर्मनीला काय किंमत मोजावी लागली, हा वेगळा आणि फार दुःखद विषय आहे. नोटिशीच्या मुदतीतला भेद संविधान न्यायालयानं १९९० मध्ये घटनाबाह्य ठरवला. दोन्ही पेन्शन व्यवस्था २००५ मध्ये एक झाल्या. ही रेषा पुसायला ९० वर्षांहून जास्त काळ लागला.

म्हणून वर्गात मी सांगतो की कोणताही कामगार कायदा हाती आला की आधी व्याख्येचं कलम वाचा. अमेरिकेचा १९३५ चा कायदा युनियन करण्याच्या हक्कासाठी गौरवला जातो, आणि तो गौरव योग्य आहे. पण व्याख्येत शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले आहेत. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या स्त्रीपुरुषांचा मोठा हिस्सा याच दोन कामांत होता. कायद्यात वर्णाचा एकही शब्द नव्हता, आणि तरी फाट वर्णाच्याच रेषेवर पडली. दक्षिण आफ्रिकेत एवढाही आडपडदा ठेवला नाही. १९२४ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येतून पास, म्हणजे ये-जा करण्याचा सरकारी परवाना, बाळगावा लागणारे आफ्रिकी पुरुष सरळ बाहेर काढले. खाणीत तोच दगड फोडणारे दोन माणूस, त्यांतला एक कायद्याच्या दृष्टीनं कर्मचारी नव्हताच.

स्त्रियांच्या बाबतीत हे काम बहुधा भल्या हेतूनं झालं, म्हणून ते ओळखणं जास्त कठीण जातं. ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी एका शेती-अवजारांच्या कारखान्याच्या प्रकरणात किमान मजुरी ठरवली, रोज सात शिलिंग. मोजमाप काय? अकुशल पुरुषाला बायको आणि सुमारे तीन मुलांसह माणसासारखं जगता आलं पाहिजे. बाजार काय देतो हे बाजूला ठेवून माणसाला काय लागतं यावर मजुरी ठरली. हा मोठा विजय होता आणि मी त्याला कमी लेखणार नाही. पण त्याच मोजमापातून बाई 'पोसली जाणारी' ठरली. १९१२ मध्ये त्याच न्यायमूर्तींनी सांगितलं की पुरुषांच्या कामात स्त्रीला पुरुषाइतकं द्यावं, आणि जे बायकांचं काम मानलं जातं तिथे कमी चालेल. समान वेतनाचे निर्णय यायला १९६९ आणि १९७२ उजाडलं. इंग्लंडच्या जनगणनेचीही अशीच गोष्ट : १८८१ पासून घर चालवणारी बाई 'बिनव्यवसाय' या रकान्यात गेली. तिचं काम तेच राहिलं. रकाना बदलला, आणि पुढच्या पिढ्यांना कामगार म्हटलं की पुरुषच दिसू लागला.

वर्गात कोण येतं हे ठरवण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते त्याच्या वतीनं बोलायचं कोणी, हे ठरवणं. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यात एका विभागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, अशी रचना आहे. हेतू वाटाघाटी सुरळीत व्हाव्यात असा सांगितला गेला. गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांनी नेता म्हणून डॉ. दत्ता सामंतांना निवडलं होतं. कायद्याच्या नजरेत मात्र बोलणी करण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेचा होता. म्हणूनच मजुरीवाढीबरोबर हा कायदाच हटवा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. संप औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या संपाचं अपयश फक्त या कायद्यावर ढकलणं चूक होईल. कापडधंद्याची अवस्था आणि मालकांचे हिशोब ही कारणं मोठी होती. पण अडीच लाख माणसं रस्त्यावर आहेत आणि कायद्याच्या लेखी त्यांचा आवाज दुसरीकडेच आहे, ही अवस्था राज्यसंस्थेनं ३६ वर्षं आधी तयार करून ठेवली होती.

आता दुसरा भाग : मग कामगार वर्ग सरकारच्या साच्यातून निघाला का?

बिस्मार्कला तसं व्हायला हवं होतं. एका हातानं विमा, दुसऱ्या हातानं १८७८ चा समाजवादविरोधी कायदा. समाजवादी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या सभा, संघटना, वर्तमानपत्रं बंद, मात्र राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक वैयक्तिक उमेदवार म्हणून लढवायला मोकळीक. बारा वर्षांत काय घडलं? १८७८ मध्ये सोशल डेमोक्रॅट उमेदवारांना सुमारे ४ लाख ३७ हजार मतं होती, १८९० मध्ये ती १४ लाखांच्या वर गेली. बंदी घातलेली चळवळ गायनमंडळांत, व्यायामशाळांत आणि खाणावळींत शिरली. त्याहून विलक्षण म्हणजे आजारपणाच्या विमा मंडळांचं. त्यांत दोन तृतीयांश वर्गणी कामगारांची, म्हणून कारभारातही त्यांच्या दोन तृतीयांश जागा. मालकांनी काळ्या यादीत टाकलेल्या कार्यकर्त्यांना पुढे याच मंडळांत कामं मिळाली. हिशोब ठेवणं, सभा चालवणं, डॉक्टरांशी करार करणं हे ते तिथे शिकले. चळवळ थोपवायला उभारलेली संस्था तिची शाळा झाली.

ब्रिटनमध्ये हे कोर्टाच्या हातून घडलं. १९०० साली वेल्समधल्या टाफ व्हेल रेल्वेत संप झाला. १९०१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ठरवलं की संपातल्या नुकसानीसाठी युनियनच्या तिजोरीवर दावा लावता येतो, आणि रेल्वे युनियनला नुकसानभरपाई म्हणून २३,००० पौंड भरावे लागले. तोवर बऱ्याच युनियनना वेगळ्या राजकीय पक्षाची गरज वाटत नव्हती. कामगार प्रतिनिधित्व समिती १९०० मध्येच स्थापन झाली होती, पण तिला जोर नव्हता. निकालानंतर दोन वर्षांत तिच्याशी जोडलेल्या युनियनांची सदस्यसंख्या दुपटीहून जास्त झाली. १९०६ मध्ये तिचे २९ खासदार निवडून आले, समितीचा लेबर पक्ष झाला, आणि त्याच वर्षी नव्या कायद्यानं तो निकाल निष्प्रभ केला. मद्रासच्या बिन्नी गिरणीच्या प्रकरणाचं वळण असंच आहे : उच्च न्यायालयानं युनियनच्या पुढाऱ्यांना मनाई हुकूम दिला, त्यातून कायदेशीर संरक्षणाची मागणी उठली, कामगार नेते ना. म. जोशींनी ती कायदेमंडळात मांडली, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला.

पण साचा मोडण्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराचं. १९७३ च्या सुरुवातीला तिथल्या कारखान्यांत आफ्रिकी कामगारांचे संप एकामागून एक पेटत गेले. त्यांच्या संपाला कायद्यात वाट नव्हती आणि त्यांच्या युनियनना मान्यताही नव्हती. मालक म्हणत, तुमचे प्रतिनिधी पाठवा. कामगार प्रतिनिधी पाठवायला नकार देत, कारण पुढे येणारा माणूस उचलला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना व्याख्येतून वगळलं होतं त्यांनी त्या वगळण्याचाच उपयोग केला. करार नाही, तर कराराचं बंधनही नाही. १९७९ मध्ये वीहान आयोगाच्या शिफारशींवरून सरकारनं त्यांच्या युनियनना नोंदणीची वाट उघडली. हेतू ताब्यात ठेवण्याचा होता. नोंदणी करावी की करू नये, यावर युनियनांमध्ये कडवे वाद झाले. काहींनी केली, काहींनी बरीच वर्षं नाकारली. १९८५ च्या अखेरीस कोसाटू हा मोठा महासंघ उभा राहिला तेव्हा दोन्ही वाटांनी आलेले लोक त्यात होते.

तेव्हा साच्याच्या उपमेत माझ्या मते एकच चूक आहे : साच्यात ओतलेली धातू साचा बदलत नाही. इथे ती साचाच बदलते. सरकार आखतं ती रेषा माणसांना खऱ्या अर्थानं वेगळं करते, त्यांचं म्हातारपण आणि त्यांचा तुरुंग ठरवते. पण त्याच रेषेमुळे त्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात, आणि पुढचा झगडा पुष्कळदा रेषा कुठे असावी यावर होतो. मजुरी किती, हा प्रश्न त्याच्या पोटात असतो.

हा सगळा जुना इतिहास वाटत असेल, तर मोबाइल ॲपवर गाडी चालवणाऱ्या माणसाकडे पाहा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना 'वर्कर' ठरवलं, म्हणजे पूर्ण नोकरदार नाही पण किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्कदार. स्पेननं त्याच वर्षी घरपोच माल पोचवणारे हे कंपनीचे नोकरदारच आहेत असं कायद्यानं गृहीत धरलं. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानं असे चालक नोकरदारांत येऊ लागले होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपन्यांनी पैसा ओतलेल्या सार्वमतानं ते पुन्हा स्वतंत्र कंत्राटदार झाले. भारताच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्यांच्यासाठी नवाच शब्द घेतला, गिग कामगार, आणि व्याख्येतच सांगितलं की हे काम पारंपरिक मालक-कर्मचारी नात्याच्या बाहेरचं आहे. चौघांच्या हातात फोन तसाच, काम तेच, दर ठरवणारं गणितही तसंच. रात्री अपघात झाला तर भरपाईसाठी कोणाचं दार ठोठवायचं, हे मात्र चौघांचं वेगवेगळं आहे.